ग्रेडी लिटलला काढलं ते बरोबरच, पण पेड्रोला ठेवलं म्हणून नव्हे

वूस्टरकर_नाना

ऑक्टोबर लागला की आमच्या मॅसॅच्युसेट्समध्ये एक जुनं भांडण उकरून निघतं: २००३ साली बॉस्टनच्या रेड सॉक्स क्लबचा मॅनेजर ग्रेडी लिटल याने पिचर पेड्रो मार्टिनेझला आठव्या इनिंगमध्ये का ठेवला? ऑफिसात परवा पुन्हा तेच झालं. तिथे गप्प बसलो, म्हणून इथे लिहितोय.

ज्यांचा बेसबॉलशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पिचर म्हणजे बोलर, त्याचा प्रत्येक चेंडू म्हणजे पिच, तो उभा राहतो तो उंचवटा म्हणजे माउंड. दोन्ही टीमची एकेक पाळी म्हणजे एक इनिंग, मॅच अशा नऊंची. तिथला मॅनेजर म्हणजे आपला कप्तान आणि कोच एकाच माणसात. स्वतः खेळत नाही, पण खेळाडूंचाच गणवेश घालून डगआउटमध्ये बसतो आणि पिचर कधी बदलायचा ते ठरवतो. एकदा बाहेर काढलेला पिचर त्या मॅचमध्ये परत येऊ शकत नाही. 'दोन ओव्हर दम खाऊ दे, मग परत आणू' ही सोयच नाही.

१६ ऑक्टोबर २००३, यँकी स्टेडियम, न्यूयॉर्क यँकीजविरुद्धच्या मालिकेची सातवी आणि शेवटची मॅच. जिंकणारा वर्ल्ड सिरीजला, म्हणजे फायनलला. रेड सॉक्स ५-२ ने पुढे. पेड्रोचे शंभर पिच टाकून झालेले. सातवी इनिंग संपवून तो आकाशाकडे बोट दाखवत आत आला, सगळ्यांनी मिठ्या मारल्या. पाहणाऱ्यांना वाटलं, याचं काम झालं. आठव्यात परत तोच माउंडवर! एक आउट, मग जीटरचा डबल (एका फटक्यात दोन बेस), बर्नी विल्यम्सचा सिंगल, ५-३. लिटल चालत माउंडवर गेला, पेड्रोशी बोलला आणि एकटाच परत आला. मग मात्सुईचा डबल, पोसाडाचा डबल, ५-५. अकराव्या इनिंगच्या पहिल्याच पिचवर एरन बूनने होमरन मारला आणि खेळ खलास.

२००२ मध्ये ९३ आणि २००३ मध्ये ९५ मॅच जिंकून दिलेल्या लिटलचा करार महिनाअखेर वाढवला नाही. टेरी फ्रँकोना आला, आणि पुढच्याच वर्षी ८६ वर्षांनी वर्ल्ड सिरीज जिंकली. त्यामुळे गोष्ट अशी सांगतात की अंदाजावर चालणारा म्हातारा गेला, आकडे वाचणारा आला, शाप उठला.

मला ही गोष्ट फार गुळगुळीत वाटते. एका रात्रीवरून माणूस काढला असता तर तो अन्याय होता. क्लब मालकापासून खालपर्यंत बदलला होता आणि मधोमध एक माणूस जुन्याच पद्धतीने चालत होता. तो आज ना उद्या जाणारच होता. तुमचं काय मत? कागद एक सांगतोय आणि मैदानावरच्या माणसाला दुसरं दिसतंय, तर शेवटचा शब्द कुणाचा?

टिचकीबाज

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. धाग्याचं क्रिकेट व्हायला किती प्रतिसाद लागतात ते मोजतो.

खारघरची_रमा

नाना, छान लिहिलंय, पण जरा इस्कटून सांगा. कागद नक्की काय सांगत होता? पेड्रो तर त्या वेळचा सगळ्यात भारी पिचर ना?

आकडेमोड्या

रमाताई, मी सांगतो, नानांना चहा घेऊ द्या.

पेड्रो भारी होताच. पण तो भारी होता शंभर पिचपर्यंत. त्यापुढे त्याचा खांदा उतरायचा आणि तेच बॅटर त्याला बरेच जास्त मारायचे. हे क्लबमध्ये माहीत होतं, मॅनेजरलाही सांगितलेलं होतं. दुसरी गोष्ट कुठल्याही पिचरची: एकच बॅटर एका मॅचमध्ये तिसऱ्यांदा समोर येतो तेव्हा त्याला चेंडू वाचता यायला लागतो. पहिल्या फेरीपेक्षा तिसऱ्या फेरीत मार जास्त बसतो. हे शेकडो पिचर आणि कित्येक सीझन तपासून निघालेलं आहे.

आणि पर्याय नव्हता असंही नाही. बुलपेनमध्ये, म्हणजे राखीव पिचरांत, माइक टिमलिन आणि ॲलन एंब्री होते. त्या प्लेऑफमध्ये टिमलिनने कुणाला उभं राहू दिलं नव्हतं. एंब्री डावखुरा, मात्सुईही डावखुरा. त्याला तिथेच आणायचा, हे शाळकरी पोरानेही सांगितलं असतं.

आता क्लबबद्दल. २००२ मध्ये जॉन हेन्रीने टीम घेतली. हा माणूस कमोडिटीच्या सौद्यांतून श्रीमंत झालेला, तेही सूत्रं बांधून. त्याने आधी आकड्यांवर टीम बांधणाऱ्या ओकलंडच्या बिली बीनला जनरल मॅनेजर (खेळाडू निवडणारा, डगआउटमधला नव्हे) म्हणून बोलावलं. बीन हो म्हणून नंतर नाही म्हणाला. मग २८ वर्षांच्या थिओ एपस्टाइनला ती खुर्ची दिली. त्याच सुमारास बिल जेम्सला सल्लागार म्हणून घेतलं. हा जेम्स एके काळी कॅन्ससमध्ये डबाबंद बीन्सच्या कारखान्यात रात्रपाळीचा पहारेकरी होता. पहारा देता देता आकडेमोड करायचा आणि ती स्वतःच छापून विकायचा. बेसबॉलवाले पंचवीस वर्षं त्याला हसले. मग त्यातल्याच एकाने नोकरीवर ठेवला.

मिनेसोटाने सोडून दिलेला डेव्हिड ऑर्टिझ याच काळात स्वस्तात मिळाला. बिल म्युलर नावाचा कुणाच्या खिजगणतीत नसलेला गडी त्याच २००३ मध्ये लीगचा बॅटिंग चँपियन झाला.

दादरचे_आजोबा

आकडेमोड्या, जरा दमाने घ्या. तुमच्या त्याच हुशार मंडळींनी २००३ च्या सुरुवातीला 'ठरलेला क्लोजर (आघाडी राखायला शेवटी येणारा पिचर) नको, प्रसंग बघून कुणालाही आणू' असा प्रयोग केला होता ना? पहिल्याच मॅचमध्ये टॅम्पाविरुद्ध नवव्या इनिंगला ४-१ अशी आघाडी होती आणि मॅच घालवली. ते का नाही सांगत? मी पाच वर्षं लेकीकडे न्यू जर्सीत राहून आलोय, मला बेसबॉल कळत नाही असं समजू नका.

आणि खेळ माणसांचा असतो हो. १९९४ ला ऑकलंडला सिद्धूची मान आखडली आणि सचिनला सलामीला पाठवलं. अजित वाडेकर मॅनेजर, अझर कप्तान. ४९ चेंडूंत ८२! त्या सकाळी कुठलं कोष्टक होतं वाडेकरांच्या हातात? माणूस ओळखला, बस्स.

टिचकीबाज

क्रिकेट आलं. चौथ्याच प्रतिसादात. माझे पैसे द्या.

खडूस_खारेगाव

आजोबा, तुमचं उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. सचिन स्वतः मागे लागला होता की एक संधी द्या. आणि सुरुवातीच्या षटकांत फील्डर आत असतात, वरून मारलं तर धावा मिळतात, हे साधं गणितच त्यामागे होतं. फक्त कागदावर लिहिलेलं नव्हतं.

क्लोजरच्या प्रयोगाबद्दल मात्र अनुमोदन. कल्पना चूक नव्हती, ती राबवायला लागणारे पिचरच हाताशी नव्हते. कोष्टक बरोबर आणि माणसं कच्ची, की दोष कोष्टकालाच लागतो.

दादरचे_आजोबा

'फक्त कागदावर लिहिलेलं नव्हतं' यालाच आम्ही अनुभव म्हणतो.

फेनवेची_सून

बरेच दिवस वाचनमात्र होते, पण या विषयावर राहवत नाही. २००३ मध्ये मी इथे शिकत होते. आम्ही तिघी मुली एका जुन्या तीनमजली लाकडी घरात वरच्या मजल्यावर, खाली घरमालक आजोबा. त्यांची पद्धत अशी की टीव्हीचा आवाज बंद आणि रेडिओवर कॉमेंट्री. पेड्रो आठव्यात परत आला तेव्हा ते उठून बाहेरच्या पायरीवर जाऊन बसले. रेडिओ मांडीवर, आणि एरिअल एका हाताने धरलेली, कारण ती तुटून चिकटपट्टीने जोडलेली होती. मला तेव्हा बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. मी विचारलं, काय झालं? ते म्हणाले, अजून काही नाही झालं, होणार आहे.

आता मुद्दा. नाना, फ्रँकोना आला आणि आकड्यांचं राज्य सुरू झालं हे अर्धंच खरं आहे. २००४ ची तीच सातवी मॅच, तेच मैदान. डेरेक लो फक्त दोन दिवसांच्या विश्रांतीवर येऊन सहा इनिंगमध्ये एकच हिट देतो. रेड सॉक्स ८-१ ने पुढे. आणि फ्रँकोना सातव्यात कुणाला आणतो? पेड्रोला! झोपलेलं स्टेडियम त्याने जागं केलं. 'हूज युअर डॅडी' हा पेड्रोला चिडवायचा घोष सुरू झाला, दोन रन गेले. आमच्या घरात चपला फेकल्या गेल्या टीव्हीवर. हा निर्णय कुठल्या आकड्यातून आला होता, कुणी सांगेल का? आघाडी मोठी होती म्हणून निभावलं, नाहीतर फ्रँकोनाचाही लिटल झाला असता.

आणि डेव्ह रॉबर्ट्सची चोरी, म्हणजे पिचर चेंडू टाकत असताना पुढच्या बेसवर पळणं? त्याच मालिकेत ०-३ ने मागे, चौथ्या मॅचची नववी इनिंग, यँकीज ४-३ ने पुढे, समोर मारियानो रिव्हेरा. मिलारला वॉक (फुकटचा पहिला बेस) मिळाला, त्याच्या जागी रॉबर्ट्स धावायला. फ्रँकोनाने त्याला नुसता डोळा मारला. रिव्हेराने तीनदा पहिल्या बेसकडे फेकून बघितलं. मग पहिल्याच पिचला रॉबर्ट्स पळाला आणि बोटभर अंतराने वाचला. म्युलरच्या सिंगलवर रन. बिल जेम्सच्या परंपरेतले लोक तर बेस चोरण्याला नाकं मुरडायचे, पकडला गेलास तर नुकसान जास्त म्हणून.

आकडेमोड्या

सूनबाई, रॉबर्ट्सचं उदाहरण माझ्या खात्यात जमा करा. नाकं मुरडायचे ते उगाच चोरण्याला. साधारण चारातले तीन प्रयत्न यशस्वी होत असतील तर चोरी फायद्याची, हे त्यांचंच गणित. रॉबर्ट्सचं प्रमाण त्याहून चांगलं होतं, म्हणून तर त्याला आणला. ३१ जुलै २००४ ला. आणि त्याच दिवशी नोमार गार्सियापारा गेला! बॉस्टनची पोरं ज्याच्या नावाचे शर्ट घालून झोपायची तो नोमार. का, तर टीमची फील्डिंग गळत होती. त्याच्या बदल्यात कॅब्रेरा आणि मिंटकेविच आले, दोघेही हाताचे पक्के. शहर पेटायचं बाकी होतं. ग्रेडी लिटलच्या मर्जीवर असतं तर नोमार गेला असता का?

पेड्रोला सातव्यात आणलं त्याचा बचाव मी करणार नाही. तो वेडेपणाच होता.

फेनवेची_सून

नोमारचं नाव काढू नका हो. माझ्याकडे अजून तो शर्ट आहे.

खडूस_खारेगाव

सगळे २००३ वरच का अडलाय? उलटं उदाहरण घ्या. २७ ऑक्टोबर २०२०, वर्ल्ड सिरीजची सहावी मॅच, आर्लिंग्टन. टॅम्पा बे १-० ने पुढे. ब्लेक स्नेल सहाव्या इनिंगमध्ये. ७३ पिच, दोन हिट, नऊ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद), वॉक शून्य. डॉजर्सचे पहिले तीन बॅटर, बेट्स, सीगर आणि टर्नर, त्याच्यासमोर प्रत्येकी दोनदा आलेले आणि सहाही वेळा स्ट्राइकआउट. बार्न्सने एक सिंगल मारला, आता बेट्स तिसऱ्यांदा येणार, म्हणून टॅम्पाचा मॅनेजर केव्हिन कॅशने स्नेलला काढला! निक अँडरसन आला, बेट्सचा डबल, वाइल्ड पिचवर (कॅचरला न सापडलेल्या भरकटल्या चेंडूवर) बरोबरी, मग डॉजर्स पुढे. ३-१ ने हरले, सिरीज संपली.

आकडेमोड्या, तुमची ती तिसरी फेरी! लिटल कागद न वाचता हरला, कॅश कागद वाचून हरला. गंमत म्हणजे समोरच्या डगआउटमध्ये डॉजर्सचा मॅनेजर कोण? तोच डेव्ह रॉबर्ट्स.

दादरचे_आजोबा

वा खडूस! आज पहिल्यांदा तुमच्याशी सहमत.

आकडेमोड्या

मला तो निर्णय मान्य नाही, पण कारण वेगळं आहे. अँडरसनने त्याआधीच्या सलग सहा मॅचमध्ये रन दिले होते. तोही आकडाच आहे ना? दमलेल्या माणसाला त्याच्या सीझनभराच्या सरासरीवर आणला. म्हणजे कॅशने कागद वाचला, पण एकच पान. आणि हाच कॅश त्या वर्षी लीगचा सर्वोत्तम मॅनेजर ठरला, टॅम्पासारख्या कंजूष क्लबला फायनलपर्यंत घेऊन गेला, तेही याच पद्धतीने. ते विसरून चालणार नाही.

टिचकीबाज

अवांतर: इंग्लंडच्या क्रिकेट टीमने २०२० मध्ये दक्षिण आफ्रिकेत बाल्कनीतून कप्तान मॉर्गनला अक्षरं-आकड्यांच्या पाट्या दाखवल्या होत्या, विश्लेषक नेथन लीमन याच्या. आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरीची बायको असंच करते. पाटी नसते, नुसती भुवई.

खारघरची_रमा

लोल टिचकी.

पण २००७ चा जोगिंदर कुठे बसतो यात? शेवटची ओव्हर धोनीने त्याला दिली, हरभजन असताना.

खडूस_खारेगाव

मिस्बाहने हरभजनला आधीच धुतला होता, रमाताई. पण तो धागा वेगळा काढा, नाहीतर नाना रागावतील.

ऊसकरी

मी बेसबॉल बघत नाही, पण तुमचं भांडण रोज आमच्या शेती ऑफिसात चालतं. मी सांगली भागातल्या एका साखर कारखान्यात आहे.

लागण नोंदीच्या तारखेवरून कॉम्प्युटर तोडणीचा प्रोग्राम काढतो. आधी आडसाली, मग पूर्वहंगामी, असं. शिवाय चिटबॉय, म्हणजे कारखान्याचा गावावरचा माणूस, फडात जाऊन ब्रिक्स (रसातल्या साखरेचा आकडा) काढतो. उसाला टोचून रसाचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर ठेवायचा, उजेडाकडे धरून आकडा वाचायचा. बुडक्याचा वेगळा, शेंड्याचा वेगळा. दोन्ही जवळ आले की ऊस पक्व. एवढं सगळं असून चिटबॉय येऊन सांगतो, साहेब, यादीत हा प्लॉट पुढच्या आठवड्यात आहे पण याला तुरा आलाय, आधी तोडा. जुना चिटबॉय असेल तर आम्ही ऐकतो, आणि बहुतेक वेळा तो बरोबर निघतो. कारण त्याच्या नजरेमागे कित्येक हंगामांचे ब्रिक्स आहेत. त्याला तुम्ही अंदाज म्हणा नाहीतर काही म्हणा.

पण एक सांगतो. प्लॉट त्याच्या पाहुण्याचा असला की त्याच नजरेला तुरा लवकर दिसतो. माणूस वाईट नसतो. समोर पाहुणा उभा असतो, एवढंच. म्हणून आमच्याकडे नियम आहे की यादी मोडायची तर चिटबॉयने आदल्या दिवशी ऑफिसात येऊन सांगायचं, फडात उभं राहून शेतकऱ्यासमोर ठरवायचं नाही.

तुमचा तो लिटल माउंडवर जाऊन पेड्रोलाच विचारत होता म्हणता. असं विचारल्यावर कोण नाही म्हणेल?

फेनवेची_सून

ऊसकरी, सलाम! वीस वर्षं इथले पेपर वाचतेय, इतकं नेमकं कुणी लिहिलेलं आठवत नाही.

वूस्टरकर_नाना

ऊसकरींनी माझं काम केलं.

लिटलला सगळे अंदाजावर चालणारा म्हणतात, पण त्या रात्री त्याने अंदाज तरी कुठे वापरला? पेड्रोच्या हाताकडे बघून 'अजून दम आहे' असं त्याने स्वतः ठरवलं असतं, तर तो अंदाज. त्याने पेड्रोलाच विचारलं. एवढा मोठा पिचर, मानी माणूस, समोर भरलेलं यँकी स्टेडियम. तो काय 'मला काढा' म्हणणार? त्याने पुढेही कधी लिटलला दोष दिला नाही, आपणच टाकतो म्हणालो, असंच सांगितलं. म्हणजे आकडा हरला नाही की अंदाज हरला नाही. भीड जिंकली. भीड भिकेची बहीण, आमची आजी म्हणायची ते उगाच नाही.

आजोबा, तुमचा अनुभव मी मोडीत काढत नाहीये. आकड्यांचा माझ्या मते खरा उपयोग एवढाच की निर्णय भीड पडायच्या आधी घेता येतो. सातवी इनिंग संपताना, डगआउटमध्ये, मिठ्या चालू असताना: 'पेड्रो, बस खाली, एंब्रीला उठवलाय.' क्लबला असा मॅनेजर हवा होता जो हे आधी ठरवेल. फ्रँकोना मुलाखतीला आला तेव्हा ओकलंडचा बेंच कोच (मॅनेजरचा मदतनीस) होता, बिली बीनच्याच घरातून. त्याला ही भाषा नवी नव्हती. पेड्रोला सातव्यात आणण्याचा वेडेपणा त्यानेही केला, सूनबाई, कबूल. पण तो त्याचा स्वतःचा वेडेपणा होता, पेड्रोला विचारून केलेला नव्हता.

आणि शेवटचा शब्द मैदानावरच्याच माणसाचा. त्याचा नसेल तर कॅशसारखं होतं: स्नेलकडे बघायचंच नाही, ठरलंय म्हणून चालत सुटायचं.

खडूस_खारेगाव

नाना, शेवटच्या परिच्छेदात तुम्ही दोन्ही दगडांवर पाय ठेवलेत. आधी ठरवायचं, आणि मैदानावर बदलायचंही?

वूस्टरकर_नाना

हो. आधी ठरवायचं, आणि बदलायचं तर कारण डोळ्यांना दिसलेलं हवं, कानांनी ऐकलेलं नको. एवढा फरक मला पुरतो.

आकडेमोड्या

या सगळ्यातला सर्वात मोठा विनोद राहिलाच. लिटलची नोकरी ज्याच्या होमरनने गेली तो एरन बून २०१८ पासून यँकीजचा मॅनेजर आहे. आधी कुठे मॅनेजर नाही, कोच नाही, थेट टीव्हीच्या खुर्चीतून आणला. जिराडीसारख्या अनुभवी माणसाला नारळ देऊन! पहिल्या दोन सीझनला १०० आणि १०३ मॅच जिंकला.

आणि २०२४ ची वर्ल्ड सिरीज बून विरुद्ध रॉबर्ट्स. पहिल्या मॅचच्या दहाव्या इनिंगमध्ये बूनने नेस्टर कोर्टेसला आणला. तो सप्टेंबरच्या मध्यानंतर एकही पिच टाकलेला नव्हता. डावखुरा आहे, समोर ओहतानी आणि फ्रीमन दोघेही डावखुरे, म्हणून. ओहतानी आउट झाला. बेट्सला मुद्दाम वॉक दिला. फ्रीमनने पहिल्याच पिचवर ग्रँड स्लॅम (तिन्ही बेस भरलेले असताना होमरन) मारून मॅच संपवली.

दादरचे_आजोबा

डावखुऱ्यासमोर डावखुरा! आकडेमोड्या, वर तुम्हीच म्हणालात ना, मात्सुईसमोर एंब्री, शाळकरी पोरानेही सांगितलं असतं? मग मात्सुईने एंब्रीलाही फ्रीमनसारखा मारला असता तर?

आकडेमोड्या

तर तुम्ही इथे धागा काढला असता की कॉम्प्युटरचं ऐकून पेड्रोला काढला.

दादरचे_आजोबा

काढलाच असता.

खारघरची_रमा

मला आता बघावंसं वाटायला लागलंय. यंदाची वर्ल्ड सिरीज भारतात किती वाजता दिसते?

वूस्टरकर_नाना

बहुतेक मॅच इथे रात्री आठनंतर, म्हणजे तुमच्याकडे पहाटे साडेपाच-पावणेसहाला. आजोबांना फोन करून उठवा, ते जागेच असतात.